डाव्या पायाची परीक्षा

पद्माकरराव,

तुमच्याविषयी लिहू का, असं मी तुम्हाला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही ‘ग्रँड, आई’ म्हणाला असतात. आयर्लंडला जाऊन तुम्ही हा एकच शब्द मनापासून उचललात. भात गिच्च झाला तरी ग्रँड, साहेबानं झापलं तरी ग्रँड, आणि पायाला भोक पडलं तेव्हाही ग्रँडच. तुमची कीव करायला मी लिहायला बसलेली नाही. कीव करणारे पुष्कळ आहेत, डबे घेऊन येतात. मला राग आलेला आहे, आणि या वयात राग फार काळ पोटात ठेवला की अन्न पचत नाही.

यात एक सासूबाई येतात. त्या म्हणजे मीच. पण गोष्ट तुमच्या पायाची आहे, म्हणून त्यांना सासूबाईच म्हणेन, उगाच मध्ये मध्ये ‘मी’ करत बसणार नाही. तुम्हाला मात्र अरे-तुरे करणार आहे. अहो-जाहो करत राहिलं की माणसाच्या जवळ जाता येत नाही. चित्रा वाचून दाखवेल, तिलाही हे कळायला हवं म्हणूनच. आवडलं नाही तर तसं स्पष्ट सांगा.

तर, पद्माकर पुण्याचा, कर्वेनगरचा. इंजिनिअरिंगला विद्यापीठात तिसरा आला होता. पहिल्या दोघांची नावं त्याला अजून पाठ आहेत. चित्राला आणि लहानग्या रेवतीला घेऊन तो आयर्लंडला गेला, नास नावाच्या गावात घर केलं, सिटीवेस्टच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करू लागला. ऑफिसातल्या लोकांना ‘पद्माकर’ झेपेना, त्यांनी त्याचा ‘पॅडी’ करून टाकला. त्याला ते आवडलंसुद्धा. माणूस गोड. कुणाचं घर हलवायचं असो, तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला खुर्च्या लावायच्या असोत, हा बाह्या सरसावून पुढे. खोड एकच, परीक्षेची. समोर कुणी कागद-पेन घेऊन बसलं की त्याला पास व्हायचं असायचं. कशात, कशासाठी, याचा विचार मागाहून. तिथली गाडीची परीक्षा तिथल्याच पोरांना पुन्हा पुन्हा द्यावी लागते. हा पहिल्या फटक्यात पास झाला आणि त्यानंतर घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं ती हकिकत ऐकली.

चाळिशीत मधुमेह निघाला, तर त्याचीही त्यानं परीक्षा केली. रक्त द्यायच्या आधीचा आठवडा भात बंद, गोड बंद, पावसातसुद्धा वसाहतीला फेऱ्या. रक्त देऊन आला की त्याच संध्याकाळी श्रीखंडाचा डबा उघडायचा. पुढे डॉक्टर तीन महिन्यांची सरासरी साखर बघायला लागले तेव्हा गडी नाराज झाला.

“हे म्हणजे सबमिशनचे मार्क धरल्यासारखं झालं,” तो चित्राला म्हणाला. “मग फायनलला काय किंमत राहिली?”

“कर ना मग वर्षभर अभ्यास,” चित्रा म्हणाली आणि तिनं डबा फ्रिजमध्ये मागे सरकवला.

आता सरकारचं सांगते. मधुमेहात पाय जातो तो बहुतेक वेळा अगदी साध्या कारणानं. पायाला कळेनासं होतं. खडा टोचला, बूट चावला, कळत नाही. कळत नाही म्हणून कुणी बघत नाही, आणि बघेपर्यंत आत घाण झालेली असते. वेळेवर पाहिले तर यातले कितीतरी पाय वाचतात, म्हणून तिथल्या सरकारनं ते मनावर घेतलं आहे. दर वर्षी फॅमिली डॉक्टरकडे मोजे काढायचे, नर्स तपासते आणि धोका कमी, मध्यम की जास्त ते लिहून ठेवते. धोका असेल त्याला पोडिअॅट्रिस्टकडे, म्हणजे फक्त पाय बघणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवतात. जखमच असली तर रांग नाही, फोन करायचा आणि जायचं. हे तज्ज्ञ पुरेसे नाहीत, मध्यम धोक्याची माणसं वाट बघत बसतात, सगळं मान्य. पण पद्माकरच्या बाबतीत सरकार कमी पडलं असं म्हणायची सोय नाही. सरकार त्याच्या तळपायापर्यंत येऊन पोचलं होतं.

ते मार्चमध्ये. नर्सनं त्याला खुर्चीत बसवलं आणि दांडीला लावलेला नायलॉनचा एक धागा दाखवला.

“डोळे मीट, पॅडी. हा लागल्यासारखा वाटला की येस म्हण.”

पहिल्यांदा तिनं तो हातावर टेकवला. तिथे कळलं. मग पायाची पाळी. पद्माकर डोळे मिटून वाट बघत राहिला. काही लागलंच नाही. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. एवढ्यात त्याला नर्सच्या प्लॅस्टिकच्या एप्रनचा आवाज ऐकू आला. तिचा हात पुढे आला की सळसळ व्हायची, जरा थांबायची, पुन्हा व्हायची. तबल्याचा ठेका धरावा तसा त्यानं तो ठेका धरला.

“येस,” तो म्हणाला. “येस. येस.”

खरं म्हणजे हा धागा कधी लवकर टेकवायचा, कधी उशिरा, कधी नुसता टेकवल्यासारखं करायचं, म्हणजे माणसाला अंदाज बांधता येत नाही. पण बाई दमलेली होती, बाहेर माणसं खोळंबली होती, तिचा हात एका लयीत चालला. डावा पाय झाला, उजवा झाला. सगळीकडे येस.

“पर्फेक्ट स्कोअर,” ती म्हणाली. “यू आर ग्रँड, पॅडी.” आणि तिनं कॉम्प्युटरवर लिहिलं, दोन्ही पायांना पूर्ण संवेदना, धोका कमी.

“फुल मार्क्स!” घरी येऊन त्यानं चित्राला सांगितलं. आपण खोटं बोललो, असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. पेपर अवघड आला होता, त्यानं सोडवला. नाही म्हणायला, दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना त्यानं डाव्या पायाचा अंगठा चिमटून बघितला. आणखी जोरात चिमटला. मग मोजा चढवून गाडीची किल्ली शोधायला लागला.

सप्टेंबरात नासच्या एका हॉलमध्ये मंडळाचा गणपती बसला. कागदी कमानी पद्माकरनंच उभ्या केल्या, पिना टोचून टोचून. मूर्ती आली तसे सगळ्यांनी बूट-मोजे दाराशी काढले. आरती झाली, प्रसाद वाटायला पद्माकर पातेलं घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरू लागला. हॉलची फरशी गुळगुळीत. रेवती आता चौदा वर्षांची. मराठी सगळं समजतं, बोलणं मात्र त्यांच्या तिथलं. ती जमिनीवर बसली होती. ती म्हणाली, “बाबा, व्हाय आर यू क्लिकिंग?”

“काय?”

“युअर फूट. इट्स क्लिकिंग.”

सगळे ऐकू लागले. पद्माकर दोन पावलं चालला. टक, टक. पोरं खिदळली. भूल देणारा डॉक्टर उल्हास, मूळचा मिरजेचा, आता आयर्लंडच्याच एका सरकारी हॉस्पिटलात नोकरीला, खुर्चीतून ओरडला, “पद्या, लेका, नाल ठोकून घेतलास की काय?”

पद्माकरनं पाय वर करून बघितला. डाव्या अंगठ्याच्या खाली, चवड्यात, पिन डोक्यापर्यंत रुतलेली. तिचं पितळी डोकं फरशीवर वाजत होतं. त्यानं ती नखानं उपटली आणि वर धरून सगळ्यांना दाखवली, बक्षीस मिळाल्यासारखी.

उल्हासचं हसू मात्र कमी झालं. तो जवळ आला. “दुखलं नाही तुला?”

“अरे, आरतीच्या नादात कुठं लक्ष.”

“आरतीच्या नादात? पद्या, पाय तपासून घेतलेस का यंदा?”

“मार्चमध्येच. फुल मार्क्स. पूर्ण संवेदना, धोका कमी. लिहून दिलंय त्यांनी.”

“मग ठीक आहे,” उल्हास म्हणाला. आता तज्ज्ञ माणसानं लिहून दिलंय म्हटल्यावर पुढे काय बोलणार? “तरी साबणानं धू. आणि जखम भरली नाही तर त्या पायाच्या क्लिनिकला फोन कर. लगेच बघतात.”

ती भरली नाही. भोक एवढंसं, वरून कोरडं दिसायचं, मोज्याला मात्र रोज ओलसर डाग. पद्माकरनं हळद दाबली. पुण्याहून येताना ही मंडळी बॅगेत औषधांचं निम्मं दुकान घेऊन येतात. त्यातली अँटिबायोटिकची अर्धी पाकिटं त्यानं संपवली. आणि ठरवलं, डिसेंबरात पुण्याला गेलो की आपल्या सबनीस डॉक्टरांना दाखवू.

हे डिसेंबर प्रकरण तुम्हाआम्हाला ठाऊक आहे, तिथल्या लोकांना ठाऊक नाही. दात, चष्मा, गुडघे, पाठ, सगळं वर्षभर साठवायचं आणि सुट्टीत आपल्या डॉक्टरकडे नेऊन रिकामं करायचं. मुलांना घाम येत नाही इथपासून सासऱ्यांच्या मूळव्याधीपर्यंत सबनीस डॉक्टर सगळं एका बैठकीत बघतात, चहा पाजतात, वर दरडावतात. माणसाला बरं वाटतं. पायाच्या भोकाला मात्र डिसेंबर कळत नाही.

क्लिनिकचा नंबर फोनमध्ये होता. एकदा दुपारी गाडीत बसून त्यानं तो काढलाही. पण ते विचारणार, पिन लागली तेव्हा कळलं नाही का? नाही म्हणावं तर मार्चचा तो कागद समोर. मग पॅडी, तेव्हा तू येस येस काय म्हणत होतास? त्यानं नंबर मिटवला आणि गाडी सुरू केली. एका उत्तरासाठी सगळा पेपर रद्द होईल, ही भीती. पन्नाशीला आलेल्या माणसाला.

ऑक्टोबरच्या शेवटी सासूबाई नासला पोचल्या. दुसऱ्याच दिवशी धुण्याच्या टोपलीतून त्यांनी एक मोजा दोन बोटांत धरून बाहेर काढला, हुंगला, आणि तसाच हातात घेऊन दिवाणखान्यात आल्या. पद्माकर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता.

“पद्माकरराव, पाय दाखवा.”

“काही नाही हो आई, जरा खरचटलंय. इट्स ग्रँड.”

“मोजा काढा म्हणते.”

“आई, तुम्ही काय माझे पाय... बरं नाही दिसत ते.”

“लग्नात याच पायांवर पाणी घातलं ना मी? तेव्हा ऐटीत पाटावर उभे होतात. आता कसली लाज आलीय? काढा.”

त्यानं काढला. अंगठा काळानिळा, फुगलेला, आणि वास. सासूबाईंनी चित्राला हाक मारली ती इतक्या मोठ्यानं, की वरून रेवतीही धावत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिनिकनं बोलावलं. खरंच रांग नव्हती. ग्रॉन्या नावाची पोडिअॅट्रिस्ट, उंच, लाल हातांची बाई. तिनं जखमेत बारीक सळई घातली, ती हाडाला लागली. मग तसलाच धागा काढला आणि डोळे मिटायला सांगितलं. तिचा हात कधी लवकर यायचा, कधी कितीतरी वेळ यायचाच नाही. पद्माकर गप्प बसून राहिला. डाव्या पायाला गप्प, उजव्यालाही गप्प. शेवटी त्यानं विचारलं, “सुरू केलंस का?”

“संपलं,” ग्रॉन्या म्हणाली. कॉम्प्युटरवर मार्चचं पान होतं. “तेव्हा सगळं जाणवत होतं?”

“हो.”

तिनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. “कधीकधी फार झपाट्यानं जातं,” ती म्हणाली, आणि हॉस्पिटलला फोन लावला.

आधी अंगठा काढला. त्यानं भागेल असं सर्जनला वाटत होतं, घरच्यांना तर खात्रीच होती. चित्रानं घरी शिराही केला. मग चवडा काढावा लागला. शिरा कुणी खाल्ला नाही. नोव्हेंबरात विष वर चढायला लागलं आणि गुडघ्याखालून पाय गेला. रेवती वॉर्डात आली ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली, जिथे पांघरूण एका बाजूला सपाट होतं.

“आय हर्ड इट, बाबा,” ती म्हणाली. “आय हर्ड इट बिफोर यू डिड.”

पद्माकरनं तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडून ग्रँड निघालं नाही.

चित्रा संतापली ती सरकारवर. सात-आठ महिन्यांपूर्वी पूर्ण संवेदना, धोका कमी, आणि आता पायच नाही? ही कसली तपासणी? भेटायला येईल त्याला ती हेच सांगे. मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर तर वणवा पेटला. इथल्या नर्सेसना काही येत नाही, धाग्यानं कुठं मधुमेह कळतो का, आपल्याकडे डॉक्टर हात लावून सांगतात, वगैरे. उल्हासनं दोनदा लिहिलं की बाबांनो, तपासणी चुकवू नका. त्याला कुणी जुमानलं नाही. पद्माकरच्या बरोबरीचा प्रताप, त्याचीही साखर तेवढीच, त्यानं ठरलेली पायाची तपासणी रद्द केली. डिसेंबरात पुण्यालाच दाखवणार म्हणे.

नाताळच्या सुमाराला पद्माकर घरी आला. जिना चढता येईना, म्हणून त्याचा पलंग खाली, रस्त्याकडच्या खोलीत. पुण्याची तिकिटं गेली. एका दुपारी चित्रा कामावर, रेवती बाहेर. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. पद्माकर खिडकीकडे बघत मार्चची सगळी हकिकत बोलून गेला. एप्रनची सळसळ, ठेका, येस येस.

सासूबाईंचे हात थांबले. “गाढव आहात,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“त्या बाईला फसवून तुम्हाला मिळालं काय?”

“काही नाही. डोळे मिटले आणि काहीच लागेना. ती लिहून घेत होती, आई. मला... नापास झाल्यासारखं वाटायला लागलं.”

“चित्राला सांगा.”

“नको. ती त्या नर्सवर चिडलीय म्हणून उभी तरी आहे. माझ्यावर चिडली तर बसेल.”

“मग त्या प्रतापला तरी सांगा. तो मूर्ख पाय झाकून बसलाय तुमचं बघून.”

“सांगेन.”

नाही सांगितलं. प्रताप दोनदा येऊन गेला, मॅच बघितली, खाऊन-पिऊन गेला. बूट दाराशी काढलेले, पायात जाड मोजे. पद्माकर त्या मोज्यांकडे बघत होता, हे सासूबाईंनी पाहिलं.

जानेवारीत सासूबाई परत निघाल्या. चित्रा गाडीत बॅगा ठेवत होती तेवढ्यात पद्माकरनं त्यांना जवळ बोलावलं.

“आई, सबनीसांकडे जाल?”

“कशाला?”

“रिपोर्ट तुमच्या फोनवर पाठवलेत. ते दाखवा आणि एवढंच विचारा. मार्चमध्ये याच माणसानं खरं सांगितलं असतं, तर वाचला असता का? माझं नाव नका सांगू. लांबच्या ओळखीतला म्हणा.”

“ग्रॉन्याला विचारा की. आठवड्याला भेटता.”

“तिला कळेल.”

बाहेर चित्रानं हॉर्न दिला. “विचारते,” सासूबाई म्हणाल्या.

सबनीसांचा दवाखाना सासूबाईंच्या भाजीच्या वाटेवर आहे. जाताना पाटी दिसते, दार उघडं असतं, गर्दीही आता पूर्वीसारखी नसते. त्या पिशवी सांभाळत पुढे जातात. रविवारी व्हिडिओ कॉल होतो. पुण्यात उकाडा किती आहे, ते पद्माकर विचारतो. नवा पाय बसला का, ते त्या विचारतात. बसलाय, पण घासतो. उजव्या टाचेला चीर पडलीय, ग्रॉन्या आठवड्याला बघते, तोंड वाकडं करते आणि पट्टी बदलते. हे तो आता लपवत नाही. मग चित्रा फोन घेते. सबनीसांचं नाव तो काढत नाही, सासूबाईही काढत नाहीत. रिपोर्ट फोनमध्ये तसेच आहेत. त्या गेलेल्या नाहीत.